कॉम्पॅक्टकडून डीएसएलआरकडे: धूसर फोटो नेमके कशाने येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षे खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा वापरल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी १८-५५ मिलिमीटर लेन्ससह डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला, पण निम्मे फोटो धूसर येतात, घरातले तर बहुतेक सगळेच, रंग पूर्वीपेक्षा फिके वाटतात, जुन्या कॅमेऱ्यात मोठा दिसणारा दूरचा पक्षी आता ठिपक्याएवढा दिसतो, आणि चष्मा असल्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, नीट दिसत नाही. आता लेन्स बदलावी की कॅमेराच विकून टाकावा?

दोन्हींची गरज नाही. पुढचे दोन महिने तरी नक्कीच नाही. हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जात आहे आणि विचारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातच दोष निघाल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. खरे कारण असे की जुना कॅमेरा तुमच्या चुका गुपचूप सांभाळून घेत होता आणि नवा त्या जशाच्या तशा पुढ्यात ठेवतो. कोणत्या चुका, आणि जुना कॅमेरा त्या कशा सांभाळत होता, हे कळले की उपाय सापडायला वेळ लागत नाही; म्हणून थोडे गणित आधी मांडतो.

सर्वसाधारण कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. तुमच्या डीएसएलआरमधला एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो (कॅननमध्ये किंचित लहान, २२.३ बाय १४.९). क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तो बारा-तेरापट भरतो. सेन्सर लहान असला की तेवढेच दृश्य टिपायला फार आखूड लेन्स पुरते. जाहिरातीत फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने ‘२५ मिलिमीटर’ असे लिहिलेले असले, तरी जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कडेवरची बारीक अक्षरे वाचून पाहा, तिथे ४.५ च्या आसपासचा आकडा दिसेल आणि तीच त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते ठरवणारे माप) आहे. फोकल लेंग्थ जितकी आखूड, तितकी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे सुस्पष्ट दिसणारा पट्टा, मोठी. अशा लेन्सने एफ/२.८ वर (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान, तितके छिद्र मोठे) दीड मीटरच्या आसपास फोकस केला, तर साधारण पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. फोकस माणसावर पडला काय किंवा त्याच्या मागच्या भिंतीवर पडला काय, फोटोत फरक दिसत नव्हता. सहा वर्षे तुम्ही कधी फोकस केलाच नाही, असे म्हटले तर राग मानू नका. करण्याची वेळच आली नव्हती.

नव्या कॅमेऱ्यावर १८-५५ लेन्स ५५ वर नेऊन, एफ/५.६ ठेवून, दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला तर तो स्पष्ट पट्टा सुमारे ३० सेंटीमीटरचा असतो. पुढेमागे ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घेतलीत तर त्याच अंतरावर तो ११-१२ सेंटीमीटरवर येतो आणि एक मीटरवर जेमतेम तीन सेंटीमीटर उरतो. फोकस नाकाच्या शेंड्यावर बसला की डोळे हातचे गेले. मी स्वतः ही लेन्स नवी असताना बारा-तेरा जणांचा तीन रांगांतला फोटो पाच मीटरवरून एफ/१.८ वर काढला होता. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो झकास दिसला. घरी येऊन संगणकावर उघडला तेव्हा बसलेली पहिली रांग पापण्यांचे केस मोजता येतील इतकी स्पष्ट होती, दुसरी मऊ, म्हणजे किंचित धूसर, होती आणि तिसऱ्या रांगेतली माणसे केवळ कपड्यांवरून ओळखू येत होती. त्या अंतरावर फोकसच्या मागे चाळीस सेंटीमीटरसुद्धा जागा नसते, हे गणित मी नंतर मांडले. तोच फोटो ३५ मिलिमीटरवर, एफ/८ ठेवून, चार मीटरवरून काढला असता तर तीनच काय, पाच रांगा सहज मावल्या असत्या.

आता तुमच्या धूसर फोटोंकडे वळू. ‘धूसर’ हे ताप आल्यासारखे लक्षण आहे. दुखणी वेगवेगळी असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. गेल्या दोन महिन्यांतले वीस वाईट फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येक शंभर टक्के आकारात मोठा करून पाहा. चेहरा धूसर आहे, पण त्याच्या मागची कुंडी किंवा पुढची पडद्याची झालर स्वच्छ दिसते आहे, तर फोकस चुकीच्या जागी बसला. फोटोत कुठेच काही स्पष्ट नाही आणि दिव्याचे बारीक ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारख्या छोट्या रेघा झाले आहेत, तर कॅमेरा हलला. भिंत, खुर्ची, चटई स्पष्ट आहेत, पण मुलाचा हात पिसाऱ्यासारखा पसरला आहे, तर कॅमेरा स्थिर होता आणि मूल हलले. वीस फोटोंपुढे ही तीन कारणे लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत पहिल्या कारणाचे फोटो सर्वाधिक निघतात, घरातल्या फोटोंत दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे. लेन्सच मुळात मऊ असणे हे कारण या यादीत क्वचितच येते, म्हणून लेन्स बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

फोकस चुकण्याचे मूळ बहुधा एका सेटिंगमध्ये असते. कॅमेरा कारखान्यातून येतो तेव्हा फोकसचा बिंदू कोणता घ्यायचा हे त्याने स्वतः ठरवावे, अशी व्यवस्था असते. आणि स्वतः ठरवायचे म्हटले की तो सहसा त्याच्या बिंदूंखाली सापडणारी सर्वांत जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. फांदीआडचा पक्षी टिपायला गेलात तर फांदी, टेबलापलीकडचा माणूस टिपायला गेलात तर टेबलावरचा पेला. मेनूमध्ये किंवा मागच्या बटणाने हे बदलून एकच बिंदू निवडा आणि सुरुवातीला मधलाच ठेवा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत मधला बिंदू सर्वांत संवेदनशील असतो आणि मंद उजेडातही तो अडखळत नाही. बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवा, शटरचे बटण अर्धे दाबा, टिकटिक ऐकू आली किंवा हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण तसेच धरून चौकट जुळवा आणि मग पूर्ण दाबा. अर्ध्या दाबाची ही पायरी कॉम्पॅक्टवरही होती, पण तिथे ती गाळली तरी चालून जायचे. इथे बोटाला तो मधला टप्पा जाणवू लागेपर्यंत, रिकाम्या वेळेत, खुर्ची-टेबलावर का होईना, पन्नासेक वेळा सराव करा.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. फोकस करून कॅमेरा फिरवला की फोकसचे प्रतलही, म्हणजे जिथे सर्वांत स्पष्ट दिसते ती सपाट पातळीही, फिरते. एक मीटर अंतरावर कॅमेरा केवळ १० अंश वळवला तरी ते प्रतल डोळ्याच्या सुमारे दीड सेंटीमीटर मागे सरकते. १८-५५ लेन्सवर त्याने काही बिघडत नाही, एफ/१.८ वर मात्र सगळी मुभा तेवढ्यात खर्ची पडते. तेव्हा त्या लेन्ससाठी बाजूचा, चेहऱ्याजवळचा बिंदू निवडायला शिकावे लागते. पळणाऱ्या मुलांसाठी किंवा उडणाऱ्या पक्ष्यांसाठी अर्ध्या दाबाने फोकस बांधून ठेवण्याची ही रीत उपयोगाची नाही. तिथे निकॉनमध्ये एएफ-सी आणि कॅननमध्ये एआय सर्व्हो या नावाचा, सतत पाठलाग करणारा फोकस लावावा आणि काम झाले की आठवणीने परत फिरवावा. मी स्वतः तो अजूनही परत फिरवायला विसरतो.

मागची स्क्रीन सुरू करून, हात लांब धरून फोटो काढण्याची सवय सोडणे अनेकांना सर्वांत जड जाते. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो आणि त्यातला थोडा आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून आत शिरून, मागच्या छोट्या आरशावरून खाली, तळाशी असलेल्या खास फोकस सेन्सरवर पोहोचतो. हा सेन्सर फोकस पुढे आहे की मागे आणि किती, हे एका नजरेत ओळखतो. म्हणून लेन्स थेट जागेवर जाऊन बसते. स्क्रीन सुरू केली की आरसा वर उचलला जातो, त्या सेन्सरला प्रकाश मिळेनासा होतो आणि जुन्या मॉडेलांत कॅमेरा कॉम्पॅक्टसारखा मागेपुढे चाचपडत फोकस शोधू लागतो, तोही अधिक जड लेन्स हलवत. २०१३ मध्ये कॅननच्या ईओएस ७०डी पासून मुख्य सेन्सरवरच हे काम करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत आली आणि तशा कॅमेऱ्यांत स्क्रीनवरचा फोकस बराच चपळ झाला. तरीही हाताने धरलेल्या फोटोसाठी डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण फोकसपेक्षा पकड हे आहे.

कॉम्पॅक्ट दोन्ही हातांच्या चिमटीत धरला जातो. हा कॅमेरा तसा धरला की हललाच म्हणून समजा. डावा तळहात खालून लेन्सच्या पोटाशी न्या, वजन त्यावर पेला, अंगठा आणि तर्जनी झूमच्या कड्यावर येऊ द्या. उजव्या हाताचे काम फक्त मूठ धरणे आणि बटण दाबणे एवढेच. कोपरे बरगड्यांना टेकवा. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की कपाळ हा तिसरा आधार मिळतो. श्वास अर्धा सोडून बटण टिचकीने न दाबता बोटाचे पेर हळूच लोळवल्यासारखे दाबा. हे वाचायला कवायतीसारखे वाटते, पण आठवडाभरात अंगवळणी पडते.

पकड सुधारली तरी शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते ते, पुरेसा वेगवान हवा. जुना ठोकताळा असा की फोकल लेंग्थला एपीएस-सीच्या १.५ ने (फिल्मच्या तुलनेत सेन्सर लहान असल्यामुळे येणारा गुणक) गुणावे आणि येणारी संख्या भागाखाली लिहावी: ५५ वर साधारण १/८० सेकंद, १८ वर १/३०. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल, म्हणजे तिच्या नावात कॅननचे आयएस किंवा निकॉनचे व्हीआर असेल, तर याच्याही बरेच खाली उतरता येते; पण ते फक्त तुमच्या हाताचे हलणे थांबवते, समोरच्या मुलाचे नाही. मुलाला बसून खेळताना १/१२५ ते १/२५० लागतो आणि पळताना १/५००.

इथेच घरातल्या फोटोंचे कोडे सुटते. जुना कॅमेरा झूम न करता एफ/२.८ वर चालत होता. नवी लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. म्हणजे सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पूर्वीच्या चौथाई प्रकाश येतो. ज्या उजेडात जुन्याला आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचा आकडा) २०० वर १/३० सेकंद पुरत होता, तिथे नव्याला तेवढ्याच आयएसओवर १/८ लागतो, आणि १/८ वर ५५ मिलिमीटरची लेन्स हातात धरून माणसाचा फोटो काढणे हे नशिबाचे काम आहे. एवढा मोठा कॅमेरा आणून अंधारात तो हरला, असे वाटते ते यामुळे. उपाय तुमच्या जवळच आहे: आयएसओ १६०० करा, म्हणजे शटर १/६० वर येईल, लेन्स १८ कडे वळवून एफ/३.५ मिळवा आणि दोन पावले पुढे व्हा, म्हणजे १/१२५ च्याही वर जाईल. कॉम्पॅक्टवर आयएसओ ४०० च्या पुढे गेले की रवाळ, डागाळलेले फोटो यायचे, त्या आठवणीने लोक इथेही आयएसओ वाढवायला कचरतात. ती भीती सोडून द्या. बारापट मोठ्या सेन्सरवरचा आयएसओ १६०० हा जुन्या कॅमेऱ्याच्या आयएसओ २०० इतका किंवा त्याहून स्वच्छ असतो. थोडा रवा आलेला स्पष्ट फोटो केव्हाही वापरता येतो, पण हललेला फोटो कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे सरळ करत नाही. ऑटो आयएसओ लावून त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवा. किमान शटर स्पीड ठरवण्याची सोय तुमच्या मॉडेलात असेल तर तिथे १/१२५ लिहा.

तिसऱ्या कारणाबरोबर, म्हणजे मूल हलण्याबरोबर, एक विचित्र सवय येते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कॉम्पॅक्टचे बटण दाबल्यापासून फोटो उमटेपर्यंत फोकससकट अर्धा सेकंद सहज जायचा. म्हणून उडी मारणाऱ्या मुलाला हवेत पकडायचे तर त्याने गुडघे वाकवताच बटण दाबावे लागायचे. सहा वर्षांत बोट ते शिकले. डीएसएलआरवर फोकस आधी बांधलेला असेल तर बटण आणि फोटो यांत सेकंदाचा दहावा भागही जात नाही, त्यामुळे तुम्हाला नेमका गुडघे वाकवलेल्या मुलाचा फोटो मिळतो. हसू फुटण्याआधीचे चेहरे आणि फुंकर घालण्याआधीचे फुगलेले गाल हीही त्याच जातीची पिके. तुमच्या वीस फोटोंत असे काही सापडले तर बोटाला जरा उशीर करायला शिकवा.

चष्म्याची तक्रार सर्वांत लवकर सुटेल. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी, वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक चाक किंवा सरकणारी कळ असते. ती डोळ्याच्या नंबरानुसार जुळवण्यासाठी असते. लेन्सचे झाकण काढून कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरा, बटण अर्धे दाबा आणि आतले आकडे व बिंदूंच्या चौकटी काळ्याभोर, रेखीव दिसेपर्यंत ते चाक फिरवा. समोरच्या दृश्याकडे पाहून फिरवू नका, आकड्यांकडेच पाहा. नंबर उणे दोनच्या आसपास असेल आणि अक्षाचा दोष (सिलिंडरचा नंबर) नसेल, तर चष्मा काढूनही काम होऊ शकते. अनेक जण महिनोन्‌महिने हे चाक न फिरवता ‘लेन्स धूसर आहे’ असे म्हणत राहतात, वास्तविक त्यांचे फोटो ठीक असतात आणि धूसर असतो तो फक्त व्ह्यूफाइंडर.

व्ह्यूफाइंडरविषयी आणखी दोन गोष्टी. प्राथमिक श्रेणीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये तो प्रत्यक्ष फोटोच्या सुमारे ९५ टक्केच भाग दाखवतो. चौकटीत नसलेला विजेचा खांब फोटोच्या कडेला उगवतो तो त्यामुळे. आणि दुसरे, जे अधिक महत्त्वाचे आहे: कॉम्पॅक्टची स्क्रीन फोटो काढण्याआधीच तो उजळ येईल की काळवंडेल हे दाखवत होती; इथे आरशातून तुम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे खरे दृश्य पाहता, एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेल्या प्रकाशाचे प्रमाण, कितीही चुकलेले असले तरी ते तितकेच छान दिसते. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरी भिंत करडी आणि काळी शाल राखाडी येते, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. अधिक-उणे खुणेचे बटण यासाठीच आहे: पांढऱ्याचे प्राबल्य असेल तर +१, काळ्याचे असेल तर −१, पाठीमागून उजेड असेल तर +१ किंवा त्याहून थोडे अधिक. फोटो काढल्यावर स्क्रीनवरच्या चित्राच्या उजळपणावर विसंबू नका, कारण उन्हात ती स्क्रीन काळी वाटते आणि रात्री झगझगीत. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा, आलेख उजव्या भिंतीला जाऊन थडकलेला नाही एवढे पाहा.

मोडच्या चाकावर हिरव्या ऑटोतून बाहेर पडून निकॉनवर ए किंवा कॅननवर एव्ही निवडा. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो. तुमच्या अडचणीचे मूळ डेप्थ ऑफ फील्ड हेच असल्यामुळे ते कडे तुमच्या हाती असणे योग्य. एका माणसाला जितके उघडेल तितके, दोन-तीन रांगांना एफ/८, निसर्गदृश्याला एफ/८ ते एफ/११. एफ/२२ पर्यंत जाऊ नका. एफ/११ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) सगळा फोटोच मऊ पडू लागतो. खरा फोटो मॅन्युअल मोडमध्येच निघतो असे बजावणारे बरेच भेटतील. मी माझे बहुतेक काम अ‍ॅपर्चर मोडवर करतो आणि मॅन्युअल फक्त फ्लॅश, तिवई किंवा एकसारखे एक्स्पोजर लागणारी फोटोंची मालिका असेल तेव्हाच वापरतो.

फिक्या रंगांमागे काही गूढ नाही. कॉम्पॅक्ट कॅमेरा फोटो साठवण्याआधी त्यात भरपूर रंग, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग घालत असे. डीएसएलआर ते काम बरेचसे तुमच्यावर सोडतो. निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल आणि कॅननमध्ये पिक्चर स्टाइल या मेनूत जाऊन शार्पनिंग दोन पायऱ्यांनी आणि रंग एका पायरीने वाढवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, वापरायला शिकावे लागेल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला चेहरा नंतर उजळताना रॉमध्ये कातडीचा रंग टिकतो आणि जेपेगमध्ये ठिगळे दिसू लागतात. पहिले काही महिने रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा, रोजच्या कामाला जेपेग वापरा आणि ज्या फोटोवर जीव आहे तेवढ्याच्या रॉवर बसा.

कॅमेऱ्यावरच्या उघडणाऱ्या फ्लॅशबद्दल एकच इशारा: लेन्सवर हूड (पुढे लावायची, आडवा प्रकाश अडवणारी कड) असेल तर तो काढा. नाहीतर १८ वर काढलेल्या फोटोत खालच्या कडेला मधोमध काळी अर्धचंद्राकृती सावली पडते, आणि सेन्सर बिघडला म्हणून लोक धावत येतात. या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकद सांगणारा आकडा) आयएसओ १०० ला साधारण १२ असतो. त्याला अ‍ॅपर्चरने भागा, मीटरमध्ये पल्ला मिळेल. एफ/५.६ वर तो दोन मीटरच्या जेमतेम वर आहे. सभागृहाच्या मागच्या रांगेतून तो उडवण्यात काही अर्थ नाही.

राहिला पक्षी. कॉम्पॅक्टवर लिहिलेला ‘३०एक्स’सारखा झूमचा आकडा लेन्सच्या लांब टोकाला आखूड टोकाने भागून येतो. ५५ भागिले १८ म्हणजे तीनच. तुमच्या कॉम्पॅक्टचे लांब टोक ७२० मिलिमीटरच्या तोडीचे असेल, तर एपीएस-सीवर तेवढेच जवळ आणायला ४८० मिलिमीटरची लेन्स लागेल, आणि ती खिशात तर नाहीच, पिशवीतही कुरकुर करत बसते. ५५-२५० किंवा ७०-३०० या लेन्स मधला मार्ग आहेत. त्या जुन्या कॅमेऱ्याइतक्या लांब पोहोचत नाहीत, पण पक्ष्याच्या पिसांतला तपशील आणि सकाळच्या मंद उजेडातली स्वच्छता यांत त्याला मागे टाकतात. तरीही पहिली जोड-लेन्स म्हणून मी ती सुचवणार नाही. तुमची मुख्य तक्रार घरातल्या फोटोंची आहे आणि तिच्यासाठी ३५ मिलिमीटर एफ/१.८ सारखी, झूम नसलेली हलकी लेन्स जास्त कामाची: ३५ वर झूम लेन्स साधारण एफ/४.५ ला अडकते, तिथे ही सहापट प्रकाश घेते. विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० एफ/१.८ डी सारख्या जुन्या लेन्स त्यांवर बसतात, प्रकाशाचे मोजमापही देतात, पण फोकस हाताने करावा लागतो. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते पाहा. एएफ-पीच्या बाबतीत तुमचे मॉडेल तिला पूर्णपणे चालवते का, हेही विचारून घ्या.

लेन्स बदलू लागलात की धूळ आली. कॅमेरा बंद करून, तोंड जमिनीकडे ठेवून, दुसरी लेन्स हाताशी तयार ठेवून अदलाबदल करा. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत एकाच जागी करडा ठिपका दिसला तर तो सेन्सरवरचा कण आहे. आधी मेनूतली सफाईची सोय वापरा, मग रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर घालू नका. थुंकीचा सूक्ष्म तुषार काढायला धुळीपेक्षा दसपट त्रास होतो.

जुना कॉम्पॅक्ट मात्र विकू नका. फुलाच्या एक-दोन सेंटीमीटर जवळ जाऊन मुंगीसकट फोटो काढणे त्याला जमते, तुमच्या १८-५५ ला सेन्सरपासून पाव मीटर तरी अंतर लागते आणि खरी मॅक्रो लेन्स हा वेगळा खर्च आहे. शिवाय जिथे मोठा कॅमेरा न्यावासा वाटत नाही, तिथे तो खिशात असतो. दोन्ही एकाच सहलीला नेणार असाल तर निघण्यापूर्वी दोघांची तारीख आणि वेळ मिनिटासह सारखी लावा, नाहीतर संगणकावर फोटो क्रमाने लावताना उतरताना काढलेले चढतानाच्या आधी येतात.